टस्क्युलम विद्यापीठ : मतभेदातून एकीकरणाकडे

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या पूर्व भागात ग्रीनव्हिलजवळील ग्रामीण परिसरात टस्क्युलम हे छोटे, खासगी प्रेस्बिटेरियन विद्यापीठ आहे. टेनेसीला १७९६ मध्ये राज्याचा दर्जा मिळण्यापूर्वीच, १७९४ मध्ये, धर्मोपदेशक हेझेकाया बाल्च यांनी ग्रीनव्हिल कॉलेज स्थापन केले. त्यांच्या ईश्वरशास्त्रीय मतांचे प्रखर विरोधक सॅम्युएल डोक यांनी १८१८ मध्ये जवळच स्वतंत्र टस्क्युलम अकादमी सुरू केली. पंथ एक असूनही शिक्षणसंस्था दोन राहिल्या. पुढे यादवी युद्धाने (१८६१-६५) दोन्ही संस्था खिळखिळ्या झाल्या आणि १८६८ मध्ये त्यांचे विलीनीकरण झाले. संस्थापकांच्या हयातीत तत्त्वनिष्ठेने जे दुरावले होते, ते अस्तित्वाच्या निकडीने जोडले गेले. ग्रामीण संस्थांच्या इतिहासाचा विचार करताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.