मखजन, मॅगझिन आणि आपला खजिना

काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाच्या समितीवर होतो. अंकाला नाव काय द्यावे, यावर चर्चा सुरू होती. मी 'खजिना' हे नाव सुचवले. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "नाव चांगलं आहे हो, पण शब्द आपला नाही. उर्दू वाटतो." बाकीचे गप्प बसले. शेवटी मुखपृष्ठावर 'वार्षिक मॅगझिन' एवढेच छापायचे ठरले. त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

मी त्या दिवशी बोललो नाही. आज बोलतो.

अरबीत 'खजन' म्हणजे साठवणे. साठवण्याची जागा म्हणजे 'मखजन', त्याचे अनेकवचन 'मखाजिन'. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारात हा शब्द मालाबरोबर युरोपात उतरला. इटालियनांनी त्याचे 'मागाझिनो' केले, फ्रेंचांनी 'मागाझँ'. स्पॅनिश लोकांनी तर अरबी 'अल' सकट उचलून 'अल्मासेन' केले. फ्रान्स आणि रशियात आज या शब्दाचा अर्थ साधे दुकान. मोरोक्कोत मात्र राजसत्तेच्या यंत्रणेलाच 'मखजन' म्हणतात. ज्याच्या हातात कोठार, त्याच्या हातात राज्य, हे तिथल्या जनतेला वेगळे सांगावे लागत नसावे.

सोळाव्या शतकात शब्द इंग्रजीत पोहोचला तो गोदाम या अर्थाने. पुढे तो दारूगोळ्याच्या कोठाराला चिकटला, आपल्या किल्ल्यांवर असते तसल्या. मग बंदुकीत गोळ्या भरायच्या पेटीलाही तेच नाव मिळाले. दुसरीकडे माहितीने भरलेल्या पुस्तकांनाही 'मॅगझिन' म्हणू लागले होते. 1731 साली एडवर्ड केव्हने लंडनमध्ये 'जंटलमन्स मॅगझिन' सुरू केले आणि नियतकालिकाला हा शब्द कायमचा मिळाला. लेखांचे कोठार, एवढाच त्याचा अर्थ.

हिंदुस्थानात मात्र या शब्दाला बारुदाचा वास आहे. दिल्लीत काश्मिरी गेटजवळ लोथियन रोडवर कंपनी सरकारच्या मॅगझिनची दरवाजाची कमान उभी आहे. 11 मे 1857 रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. लेफ्टनंट विलोबी आणि त्याच्या मोजक्या साथीदारांनी काही तास कोठार लढवले आणि हाती जाऊ नये म्हणून सुरुंग लावून उडवून दिले. बाहेरच्या गर्दीतली कित्येक माणसे त्यात गेली. कमानीवरच्या इंग्रजी शिलालेखात हल्ला करणारे 'बंडखोर' आहेत. स्वातंत्र्यानंतर खाली दुसरी पाटी बसवली गेली. ज्यांना वर बंडखोर म्हटले आहे, ते परकी सत्ता उलथू पाहणारे होते, अशा अर्थाचा खुलासा तिच्यावर आहे. मी तिथे उभा राहून दोन्ही पाट्या वाचल्या. जुनी पाटी काढली नाही, शेजारी आपले म्हणणे लिहिले, हे मला आवडले.

त्यानंतर 44 वर्षांनी, एप्रिल 1901 मध्ये, लाहोरमध्ये शेख अब्दुल कादिर यांनी एक उर्दू मासिक काढले. नाव ठेवले 'मखजन'. इक्बाल यांची 'हिमाला' ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात आली. इंग्रजांनी बारुद आणि बातम्यांसाठी वापरलेला शब्द, आपल्या मूळ रूपात, पुन्हा लेखांचे कोठार होऊन परत आला.

'खजिना' याच 'खजन'च्या घरातला. फारसीमार्गे मराठीत आला आणि इथलाच झाला. लहान मुलांच्या गोष्टीतल्या राजाचा असतो तो खजिनाच. म्हणजे त्या बैठकीत आम्ही थोरल्या भावाला परका ठरवून दाराबाहेर ठेवले आणि कोट-टाय घालून आलेल्या धाकट्याला पाट मांडून दिला.

अंक वेळेवर निघाला, छपाईही बरी होती. छापखान्याचे बिल मंजुरीसाठी समितीपुढे आले, तेव्हा त्याच प्राध्यापकांनी त्यावर सही केली. सहीखाली शिक्का होता: 'खजिनदार'.