राब आणि आच्छादन : जुन्नर-आंबेगावातील पालापाचोळा

जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील पठारापर्यंत पसरलेले आहेत. पश्चिमेस भातखाचरे आणि नाचणी-वरईचे उतार, पूर्वेस कुकडी व घोड नद्यांकाठची बागायत. बागायतीत पालापाचोळा किंवा उसाचे पाचट अंथरून ओल राखतात. डोंगरात मात्र तोच पाला जाळतात. या जाळण्यास, म्हणजे राबास, अडाणी उधळपट्टी समजण्याची रूढी वसाहतकालीन वनखात्यापासून चालत आली आहे. ती तपासून घ्यावयास हवी.

महादेव कोळी शेतकरी उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, ऐनादी झाडांचे टहाळे, पाला व गवत यांचे थर रचतो, वर बारीक माती पसरतो आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावतो, म्हणजे ती सावकाश धुमसते. तणाचे बी जळते, मृग बरसताच पेरलेले रोप जोमाने वाढते आणि आषाढात लावणीस येते. १९०९ मध्ये इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी मातीस उष्णता दिल्याने तिची सुपीकता वाढते असे दाखविले. राबाचा गुण केवळ राखेत नाही, हे त्यावरून उमगते. शिवाय डोंगरात अडचण ओल उडून जाण्याची नसून तण व अल्प अवधी यांची आहे. तेथे आच्छादनाचा उपदेश करणे म्हणजे एका पठाराचा नियम दुसऱ्या हवामानावर लादणे होय.

वाद खरा पाल्याच्या मालकीचा होता. १८७८ च्या वनकायद्यानंतर टहाळे तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाचा अहवाल १८८७ साली आला. पुढे १८९३ च्या आपल्या अहवालात व्होल्कर यांनीही राबाची दखल घेतली. आयोगाची कक्षा कोकणापुरती असली तरी घाटमाथ्यावरचा प्रश्न त्याच जातीचा होता. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाल्यावर तो नव्या कायद्याच्या चौकटीत आला.

पूर्वेकडे आज नारायणगाव परिसरातील टोमॅटोच्या वाफ्यांवर प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरलेला दिसतो. ठिबकाच्या जोडीने तो पाणी वाचवितो, तणही रोखतो. पण पाला कुजून मातीत मिसळतो, प्लास्टिकच्या चिंध्या मात्र वेचून काढाव्या लागतात. त्या कोठे टाकावयाच्या, याचे उत्तर प्रत्येक बांधावर निराळे मिळते.