सूत्र 93 मधला एक शब्द



श्रुतपंचमीला आपण जिनवाणीची पूजा करतो, ग्रंथांची जुनी वेष्टनं सोडून नवी बांधतो. ज्या ग्रंथाच्या समाप्तीचा हा दिवस, तो षट्खंडागम. धरसेन आचार्यांनी गिरनारला पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवलं आणि त्या दोघांनी ते सूत्रांत बांधलं, एवढं पाठशाळेतल्या मुलींनाही ठाऊक असतं. पुढची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ती बरीचशी आपल्याच विदर्भात घडली आणि थेट आपल्याबद्दल, म्हणजे बायकांबद्दल आहे.

कित्येक शतकं या ग्रंथाच्या धवला टीकेसह ताडपत्री पोथ्या फक्त कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या, जुन्या कानडी लिपीत. यात्रेकरूंना दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी बरीच खटपट केली, तेव्हा कुठे नकला करायचं ठरलं, आणि त्याही तिथेच राहायच्या होत्या. नक्कल करणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी गुपचूप आणखी एक कानडी नक्कल करून ठेवली. या कामात मोठा हात त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा होता. त्या स्वतः विदुषी होत्या आणि हे ग्रंथ लोकांनी वाचावेत अशी त्यांची तळमळ होती. 1915 मध्ये गजपती ती नक्कल घेऊन सोलापूरला गेले, पण शेठ हिराचंदांनी ती घेतली नाही. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी घेतली. तिथे ती नागरीत उतरवताना सीताराम शास्त्रींनीही एक प्रत गुपचूप आपल्याजवळ ठेवली, आणि तिच्यावरून पुढच्या नकला ठिकठिकाणी पोचल्या.

याला चोरी म्हणायचं का? आपण अचौर्याचं व्रत मानणाऱ्या, त्यामुळे प्रश्न पडतोच. मला तरी लक्ष्मीबाईंना नाव ठेवता येत नाही. शास्त्र कुलपात ठेवणं हाच त्याचा विनय, असं सगळे मानत असताना त्यांनी आपल्या मनाची श्रद्धा धरली.

या नकलांवरून ग्रंथ छापायला घेतला तो अमरावतीत. किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन संपादक होते. पहिला खंड 1939 मध्ये निघाला. सगळे 16 खंड पुरे व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली. वरठीहून गाडीत बसावं, बडनेऱ्याला उतरावं की अमरावती आलीच, इतक्या जवळ हे काम चाललं होतं.

पहिल्याच खंडात, सत्प्ररूपणेत, सूत्र 93 आहे. मनुष्यिणी, म्हणजे मनुष्यगतीतली स्त्री, कोणकोणत्या गुणस्थानांत नियमाने पर्याप्त असते, ते त्यात सांगितलं आहे. हातातल्या नकलांत ही यादी ‘संजदासंजद’ इथे, म्हणजे पाचव्या गुणस्थानाला, संपत होती. देशव्रती श्राविका तिथवर पोचते, पुढे वाट बंद. पण प्राध्यापकांना वाटलं की यापुढे ‘संजद’ हा शब्द असायला हवा, म्हणजे संयत, सहावं गुणस्थान आणि त्यापुढची. त्यांनी सूत्राला हात लावला नाही, खाली टीप देऊन तसं म्हटलं.

त्यांचं कारण मला फार पटतं. त्याच सूत्रावर वीरसेन स्वामी धवलेत शंका घेतात: मग या आर्षवचनावरून द्रव्यस्त्रीला निर्वाण सिद्ध होईल का? आणि उत्तर देतात की नाही, वस्त्र असल्यामुळे तिला संयम होत नाही. इथे भावस्त्री समजायची, म्हणजे देह पुरुषाचा आणि वेद स्त्रीचा. सूत्र पाचव्यावरच थांबत असतं तर ही शंका निघालीच नसती. डाळीत मीठ जास्त झालं का, असं विचारणाऱ्याने आधी डाळ चाखलेली असते.

एवढ्याशा टिपेवरून केवढं वादळ उठलं! पंडित मक्खनलाल शास्त्रींसारख्या विद्वानांचं म्हणणं होतं की हा शब्द मान्य केला तर दिगंबर आम्नायच ढासळेल. त्यात 1944 च्या सुमारास हिरालालजींनी आपलं वैयक्तिक मत उघड मांडलं: दिगंबर आणि श्वेतांबर शासनांत मूलभूत भेद नाही, आणि स्त्रीमुक्तीचा आधार आपल्याच जुन्या सूत्रांत आहे. मग काय, त्यांच्या श्रद्धेवरच बोट ठेवलं गेलं.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती पंडित फूलचंद्र शास्त्रींची भूमिका. ते या कामात हिरालालजींचे सहकारी होते, पण त्यांना स्त्रीमुक्ती मान्य नव्हती. भावस्त्रीचाच अर्थ त्यांना योग्य वाटे. तरीही ते ठामपणे म्हणत राहिले की सूत्रात ‘संजद’ शब्द हवाच. आपल्या मताला अडचण होते म्हणून शब्द गाळायचा नाही, आणि सोयीचा आहे म्हणून घुसडायचाही नाही. हिरालालजींनीही शब्द टिपेतच ठेवला होता, हे त्यांच्यावर रागावलेले लोक विसरले.

पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिला गेला. तिथे ‘संजद’ होता. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने सिद्धांतग्रंथ ताम्रपटावर कोरले गेले, तेव्हाही हा शब्द कोरायचा की नाही यावर पुन्हा तेच वाद झाले.

अर्थाचा वाद अजून मिटलेला नाही. आर्यिका माताजींचं महाव्रत आपल्याकडे आजही उपचारानेच मानलं जातं. तुमच्या मंदिरातल्या कपाटात धवलेचा पहिला खंड असेल, तर या श्रुतपंचमीला वेष्टन बदलताना तो उघडा आणि सूत्र 93 काढा. जुनी अमरावतीची आवृत्ती असेल तर पानाच्या तळाशी टीपही पाहा.