वऱ्हाडातली वाटेवरची शिदोरी

रेल्वे येण्यापूर्वी बुलढाणा भागातला माणूस बैलगाडीने किंवा पायी निघे तो शिदोरी बांधूनच. ज्वारीची भाकरी, ठेचा, जवसाची चटणी आणि कांदा एवढ्यावर दिवस निभे. लांबच्या वाटेसाठी दशम्या. पिठात पाण्याऐवजी दूध घातल्याने त्या जास्त टिकत. कोरडी चटणीही सहज विटत नसे. आजच्या आहारशास्त्राला या पुडक्यात खोट काढणे कठीणच: तंतुमय धान्य, तेलबी, तळण नाही.

1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके त्यावर आली. 1870 मध्ये जलंबहून खामगावला कापसासाठी फाटा निघाला. प्रवास तासांवर आला, तशी फलाटावरच्या खाण्याची सवय लागली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने शेगाव स्थानकावर विकायला सुरुवात केलेली कचोरी पुढे गावाची ओळखच झाली. चविष्ट खरी, पण मैद्याची आणि तळलेली.

त्याच शेगावात साधे जेवणही टिकले. 1910 मध्ये समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांना झुणका-भाकरीचा नैवेद्य दाखवतात. त्यांच्या संस्थानात यात्रेकरूंना महाप्रसाद विनामूल्य मिळतो. त्यामुळे परगावच्या माणसाला इथे कचोरीवर भूक भागवण्याची गरज पडत नाही.