वऱ्हाडाची लंडनवारी

मराठवाड्यांतील एकपात्री विनोदाचा इतिहास सांगावयाचा, तर आरंभ पैठणच्या एकनाथमहाराजांच्या भारुडांपासूनच करावा लागतो. सोळाव्या शतकांत रचलेलीं हीं भारुडें पुढें सोंगें आणून रंगूं लागलीं. उत्तररंगांत कीर्तनकार एकटाच राजा होतो, सेवक होतो, सासू होतो आणि सूनही होतो. एका माणसानें अनेक होणें ही कला या प्रांतास नवी नाहीं. नवें होतें तें त्या कलेचें समुद्रापार जाणें.

तें कार्य प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनीं केलें. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, विद्यापीठांत ते नाट्यशास्त्र शिकवीत असत. त्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगांतील वऱ्हाड म्हणजे विदर्भांतील प्रांत नव्हे, तर लग्नाची मंडळी. मराठवाड्याच्या एका खेड्यांतील मुलाचें लग्न गोऱ्या मुलीशीं ठरतें आणि सारा गोतावळा विमानानें लंडनला निघतो. या प्रवासांतील बावन्न व्यक्ति देशपांडे एकटेच उभ्या करीत. या पराक्रमाची गिनेस बुकानेंही नोंद घेतली.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रयोग रंगभूमीवर आला, तेव्हां लातूरची आगगाडी अरुंद रुळांवरून कुर्डुवाडीस जात होती आणि नांदेडची मीटरगेजवरून. अशा मुलखांतील प्रेक्षकांस लंडन किती दूर वाटत असेल, याची कल्पना करावी.

परंतु रेल्वेहूनही मोठें अंतर भाषेचें होतें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभार उर्दूंत चाले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. पुढें महाराष्ट्रांत आल्यावर येथील मराठी पुण्यामुंबईच्या मराठीपुढें अशुद्ध ठरूं लागली. दोन्हीं काळीं येथील माणसाची बोली संकोचानेंच घराबाहेर पडली.

खेडुताला परदेशांत नेऊन हसविणें म्हणजे त्याची थट्टा करणें नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो सर्वस्वी निराधार नाहीं. असा विनोद सहज हीन होऊं शकतो. तथापि येथें वऱ्हाडी मंडळी आपली बोली, आपले मानपान आणि आपले रुसवेफुगवे घेऊनच लंडनांत उतरतात. साहेबाच्या घरीं जाऊन तीं साहेब होत नाहींत. हंशा उठतो तो दोन जगांच्या अंतरावर. माणसाविषयींची माया मात्र कोठेंही आटत नाहीं.

हीच बोली घेऊन देशपांडे खरोखरच परदेशीं गेले आणि तेथील मराठी घरांनीं ती आनंदानें ऐकली. त्यांच्यामागें संदीप पाठक या माजलगांवच्या नटानें तो वारसा चालविला. जी बोली शाळेंत लपवावी लागे, तिनें जग पाहिलें, ही या विनोदाची ऐतिहासिक कमाई होय.