निळ्या ज्योतीची कुळकथा

हैदराबादेतील बेगम बाजार ही भांड्यांची पेठ. दुसरा आसफजाह निजाम अली खान याची बेगम हमदा हिने व्यापाऱ्यांना जमीन दिली आणि तीवर ही पेठ वसली, असे तिच्या नावाचे मूळ सांगतात. मुशी नदीच्या उत्तर काठावर, अफझलगंजाला लागून असलेल्या या गल्ल्यांत तांब्यापितळेचे हंडे, घंगाळी आणि पराती रचलेल्या असत. पुढे त्यांच्या शेजारी स्टीलची भांडी आली, आणि भांड्यांच्या मागोमाग शेगड्याही आल्या. १९५६ सालापर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. सुलतान बाजार आणि काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबांची वस्तीही जुनी. त्यामुळे या पेठेचा आणि मराठी संसाराचा संबंध रुखवताइतकाच जवळचा मानावा लागेल.

भांडे घेताना गृहिणी ते वाजवून पाहते, वजन करून पाहते. ज्या विस्तवावर ते चढायचे त्याची मात्र इतकी पारख क्वचितच होते. वास्तविक भांड्याचे बूड हे विस्तवाचे प्रगतिपुस्तकच होय. चुलीच्या काळी भांड्याला बाहेरून माती किंवा राख सारवण्याची चाल होती. काजळी धरणारच हे गृहीत होते, ती सहज निघावी एवढीच अपेक्षा. चूल गेली, तिच्यामागचा वैल गेला, फुंकणी गेली. रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याची पिन हीसुद्धा बहुतेक घरांतून गेली. आता वायूच्या शेगडीवरील पातेल्याचे बूड काळे पडू लागले, तर तो दोष पातेल्याचा नसतो आणि घासणाऱ्या बाईचा तर मुळीच नसतो. शेगडीत वायू आणि हवा यांचे प्रमाण बिघडले आहे, असे ती काजळी सांगत असते.

हे प्रमाण जुळविण्याची विद्या फार जुनी नाही. इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन येथील जेम्स शार्प याने १८२६ साली वायूच्या शेगडीचे पेटंट घेतले. त्या वेळचा वायू म्हणजे दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला कोळसा-वायू. त्याचा उपयोग मुख्यतः दिव्यांसाठी होई. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली याच वायूचे दिवे लागले. परंतु दिव्याला हवी असते पिवळी, तेजस्वी ज्योत, आणि ज्योतीचा तो पिवळेपणा तिच्यातील न जळलेल्या कार्बनच्या तप्त कणांमुळे येतो. ते कण थंड भांड्यावर बसले की तीच काजळी. प्रकाशाला जे भूषण, ते स्वयंपाकाला दूषण ठरले.

ही अडचण जर्मनीतील हायडेलबर्ग येथे सुटली. १८५५ साली तेथील विद्यापीठात रॉबर्ट बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञाची नवी प्रयोगशाळा उभी राहत होती. त्याला उष्ण, स्वच्छ आणि धूर न करणारी ज्योत हवी होती. पेटर डेसागा या कारागिराने त्याच्या सूचनेप्रमाणे जो बर्नर बनविला, तो शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्यात वायू एका बारीक छिद्रातून वेगाने वर सुटतो. त्या वेगामुळे नळीच्या बुडाशी असलेल्या खिडकीतून हवा आपोआप आत ओढली जाते. दोघे नळीत मिसळतात आणि टोकाशी जळतात. खिडकी उघडी असेल तर ज्योत निळी, मिटलेली असेल तर पिवळी. आजची घरातील शेगडी म्हणजे आडवा झोपविलेला बुन्सेनचा बर्नरच आहे. बटणाच्या मागे पितळेचा छोटा जेट असतो, त्याच्या तोंडाशी हवेची वाट असते आणि पुढे मिश्रणाची नळी बर्नरपर्यंत जाते. ज्योत पिवळी पडून लांबू लागली तर हवा कमी पडते आहे असे समजावे. ती बर्नरवरून उचलली जाऊन फडफडू लागली तर हवा जास्त झाली. बहुतेक वेळा बिघाडाचे कारण किरकोळच असते: उतू गेलेले दूध, बर्नरच्या छिद्रांत बसलेले पीठ, हवेच्या वाटेत कोळ्याने केलेले घर. शेगडी बंद करून, निवू देऊन बर्नर धुवावा आणि पूर्ण वाळवून बसवावा. जेटमध्ये मात्र सुई घालू नये. स्टोव्हच्या पिनेची सवय जडलेले हात हा प्रमाद हमखास करतात. त्याने पितळेचे छिद्र रुंदावते आणि मग हवेची वाट कितीही मोकळी असली तरी ती अपुरीच पडते.

भारतात टाकीतला वायू १९५५ च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीने मुंबईत आणला. ‘बर्शेन’ हे त्याचे नाव अनेकांच्या स्मरणात असेल. इंडियन ऑइलच्या ‘इंडेन’ची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यात झाली. पुढे कित्येक वर्षे जोडणीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. आंध्र प्रदेशात १९९९ साली ‘दीपम’ योजनेने बचत गटांतील स्त्रियांच्या घरी हा वायू पोहोचविला. टाकीत तो द्रवरूपाने असतो आणि बाहेर पडताच सुमारे अडीचशे पट पसरतो. टाकीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला काही किलोग्रॅम असतो; रेग्युलेटर तो सुमारे तीस ग्रॅमवर आणून ठेवतो. एवढे काम करणारी ती लहानशी वस्तू उघडून दुरुस्त करण्याचा मोह घरातील हौशी कारागिराने आवरलेला बरा.

या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. नाकाला झोंबणारा तो दुर्गंध मुद्दाम मिसळलेल्या इथिल मर्कॅप्टनचा असतो, आणि त्या प्रथेमागे एका शाळेची करुण कथा आहे. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात न्यू लंडन नावाचे गाव तेलविहिरींमुळे धनवान झाले होते. तरीही खर्च वाचावा म्हणून तेथील शाळेने तेलविहिरींवरील टाकाऊ वायूची नळी जोडून घेतली. वायू तळघरात झिरपत राहिला. वास नसल्यामुळे कोणालाच कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटण्याच्या सुमारास, कार्यशाळेतील एक विजेचे यंत्र सुरू करताच ठिणगी पडली. सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक होते. त्यानंतर टेक्सासने वायूला वास देणे कायद्याने बंधनकारक केले आणि ती रीत जगभर पसरली. म्हणून तो वास आला की विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. टाकीचा वायू हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो. तेव्हा रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. झिरप शोधायची ती साबणाच्या फेसाने, काडी ओढून नव्हे.

काडीचा आणखी एक दाखला लंडनचा आहे. १६ मे १९६८ रोजी पहाटे रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावरील एका स्त्रीने चहासाठी काडी ओढली. स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा ढासळला. ती बाई वाचली. चौघे मृत्यू पावले. चौकशीत इमारतीच्या बांधणीचे दोष निघालेच, पण वायू सुटला तो नळी आणि शेगडी यांना जोडणारी पितळेची एक निकृष्ट चाकी तडकल्यामुळे. बेगम बाजारासारख्या पेठेत पितळेचा भाव वजनावर ठरतो. या चाकीचे वजन ते किती! नळीची गोष्टही तीच. चांगली दिसते म्हणून ती वर्षानुवर्षे वापरली जाते. तिचे आयुष्य पाच वर्षांचे धरावे आणि भेग दिसल्यास त्याआधीच बदलावी.

इंग्लंडने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळसा-वायू सोडून समुद्रातला नैसर्गिक वायू घेतला. सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांच्या घरी माणसे पाठवून जेट आणि बर्नर बदलावे लागले, कारण नवा वायू दुप्पट उष्णता देई, पण सावकाश जळे. हैदराबादेत भाग्यनगर गॅस कंपनी २००३ साली स्थापन झाली आणि नळाने येणारा नैसर्गिक वायू घरोघर जाऊ लागला. येथे बदल उलट दिशेचा आहे. टाकीच्या वायूपेक्षा नळाच्या वायूत घनफळामागे उष्णता कमी आणि दाबही थोडा कमी, म्हणून जेटचे छिद्र मोठे लागते. जुन्या जेटवर नळाचा वायू लावला तर ज्योत मंद पडते, एवढेच. परंतु नळाच्या वायूसाठी रुंद जेट बसविलेली शेगडी घर बदलताना पुन्हा टाकीला जोडली, तर पिवळा भडका उठतो, भांडी काळी होतात आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड साठू लागतो. त्याला वास नसतो. शेगडीची जागा बदलताना जेटही कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्यावा लागतो. बाहेरून पाहता दोन्ही जेट सारखेच दिसतात.