मुलूखमैदान, कल्हई आणि अलॉय व्हील : धातूच्या कातडीची गोष्ट

१/ गेल्या वर्षी दिवाळीत आमच्या मामांनी गाडीला हौसेने नवी अलॉय व्हील्स बसवली. हिऱ्याच्या टोकाने कातलेली, आरशासारखी लखलखीत. यंदाचा पावसाळा सरताना त्यांच्यावर पांढरट, नागमोडी रेषा उमटल्या. मामांनी विचारले, "इतिहास शिकतोस ना? मग सांग, जुन्या तोफा शेकडो वर्षे टिकतात आणि हे वर्षभरात कसे सडले?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचे उत्तर नगरच्याच इतिहासात सापडते. त्यासाठीच हा धागा.

२/ 'मुलूखमैदान तोफ' हा शब्दप्रयोग आपण फर्ड्या वक्त्यासाठी सर्रास वापरतो. मूळ तोफ 'मलिक-ए-मैदान', म्हणजे रणांगणाचा स्वामी. ती आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे, पण तिचा जन्म अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, इ.स. १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने ती ओतली. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहमुखाचा आ वासलेला जबडा.

३/ लोक तिला 'पंचधातूची' म्हणतात. प्रत्यक्षात नोंदलेल्या पृथक्करणानुसार तिच्यात सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील आहे. हे घंटेचे कांसे होय. म्हणूनच तिच्यावर टिचकी मारली की घंटेसारखा नाद उमटतो. थोडक्यात, मुलूखमैदान ही देखील 'अलॉय'च! मिश्रधातू हा शब्द काही मोटारींसोबत आलेला नाही.

४/ मग ती टिकली कशी? कांशाचा पृष्ठभाग हवेत उघडा राहिला की तांब्याचे आणि कथलाचे ऑक्साइड मिळून एक घट्ट, काळसर-हिरवट थर तयार होतो. हा गंज लोखंडाच्या गंजासारखा पापुद्रे सोडत नाही. तो खालच्या धातूला झाकून ठेवतो. तोफेची गुळगुळीत काळी झिलई म्हणजे धातूने स्वतःच वाढवलेली कातडी. ती खरवडली गेली, तरी सावकाश पुन्हा धरते. दख्खनच्या पर्जन्यछायेतली कोरडी हवाही तिच्या पथ्यावर पडली.

५/ कातडीचा दुसरा प्रकार आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात होता, तो म्हणजे कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. म्हणून कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवी. ही कातडी धातूने वाढवलेली नव्हे, माणसाने चढवलेली. ती झिजते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच 'कल्ह्ऽऽई' अशी आरोळी दर काही महिन्यांनी गल्लीत घुमे. निगा ही एकदाची गोष्ट नव्हती. ती वहिवाट होती.

६/ अलॉय व्हील हा तिसरा प्रकार. १९२४ साली बुगाटीच्या 'टाइप ३५' या शर्यतीच्या गाडीने ओतीव ॲल्युमिनियमची चाके मिरवली. आजची बहुतेक ओतीव चाके ॲल्युमिनियम, सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अल्प मॅग्नेशियम यांची असतात. ॲल्युमिनियमलाही स्वतःची कातडी असते. पण हा ऑक्साइडचा थर अत्यंत पातळ असतो आणि आम्ल व तीव्र अल्कली या दोहोंत विरघळतो. रस्त्यावरची खडी, चिखल, क्षार आणि ब्रेकमधून उडणारी तप्त लोहभुकटी यांपुढे तो एकटा पुरत नाही. म्हणून त्यावर पावडर कोटिंग, रंग आणि पारदर्शक लॅकर चढवतात.

७/ हिरा-कातीव चाकात मात्र समोरचा भाग लेथवर कातून उघडा केलेला असतो. त्याच्या आणि जगाच्या मध्ये असते ती केवळ लॅकरची पारदर्शक चादर. एक खडा उडाला, टवका गेला की ओलावा आत शिरतो आणि लॅकरखाली धाग्यासारखा पुढेपुढे सरकत जातो. मामांच्या चाकांवरच्या त्या पांढऱ्या रेषा याच. लॅकर काढून, पुन्हा कातून, पुन्हा लॅकर चढवता येते. पण प्रत्येक कातणीत थोडा धातू जातो, म्हणून हा उपाय मोजक्याच वेळा चालतो.

८/ मामांचा खरा घात झाला तो धुलाईत. गाडी दूरच्या प्रवासातून आली, की चाके तापलेली असतानाच एका धुलाई केंद्रात त्यांवर आम्लयुक्त द्रव मारला जाई. तापल्या धातूवर तो क्षणात वाळतो आणि लॅकरला खातो. नियम साधे आहेत : चाक निवू द्यावे, आधी साध्या पाण्याने माती काढावी, सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश वापरावा, शेवटी कोरडे पुसावे आणि टवका दिसताच तो बुजवून घ्यावा. तारेचा ब्रश तर वर्ज्यच.

९/ आता पुन्हा तोफेकडे. रसायनशास्त्राने तिला वाचवले, हे अर्धेच सत्य. १८५४ साली सातारच्या कमिशनरच्या आदेशावरून, निरुपयोगी सरकारी सामान म्हणून तिचा लिलाव मांडला गेला. सर्वाधिक बोली आली १५० रुपयांची! ही किंमत फारच क्षुल्लक वाटल्याने आणि तोफेविषयी लोकांच्या मनात असलेला भक्तिभाव ध्यानात घेऊन विक्री रद्द झाली. ती पार पडली असती, तर नगरचे हे कांसे कुठल्याशा भट्टीत वितळून गेले असते. झिलई धातूला हवेपासून वाचवते, माणसापासून नव्हे.

१०/ आणि इथेच हा धागा तुमच्या-माझ्यापर्यंत येतो. आपल्यापैकी अनेकजण किल्ल्यांवर श्रमदानाला जातात. तिथली तोफ 'स्वच्छ' करताना चिंच, लिंबू, पॉलिश, तारेचा ब्रश हाती घेण्याचा मोह होतो. फोटोत ती सोन्यासारखी दिसते खरी. पण तो काळसर थर म्हणजे मळ नव्हे. कांस्य तोफेवरून तो घासून काढणे म्हणजे शतकांनी विणलेले चिलखत उतरवणे होय. ओतीव आणि घडीव लोखंडी तोफांचा गंज वेगळा, त्यांचे उपचारही वेगळे. त्यांवर सरसकट ऑइलपेंट फासणे हा उपचार नव्हे. सैल माती मऊ कुंचल्याने झटकावी, फोटो आणि मोजमापे घ्यावीत आणि पुढचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांवर सोपवावे.

११/ सारांश, कातडी तीन प्रकारची : धातूने वाढवलेली, माणसाने चढवून वेळोवेळी बदललेली, आणि चढवून आपण विसरून गेलेली. पहिलीला हात लावू नये, दुसरी वेळेवर बदलावी, तिसरीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. उपचारापूर्वी समोर यांपैकी कोणती आहे, एवढे ओळखता आले की निम्मे काम झाले.

१२/ मामांना हे सगळे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे दोष चाकाचा नाही, आमचाच." चाके आता पुन्हा कातायला दिली आहेत. आणि पुढच्या सुटीत मामा विजापूरला येणार आहेत. तोफ पाहायला, घासायला नव्हे.